आबामामाची शेवटची कामगार

मजुरी वाढली की बाकीच्या काजू कारखानदारांची तोंडं उतरायची. आमच्या आबामामाची कळी खुलायची. तारकर्लीला आणखी एखादं हॉटेल निघे, खोल्या आवरायला आणि स्वयंपाकाला बायका तिकडे जात, आणि मामाकडे उरलेल्या बायका सोमवारी सकाळी दारातच उभ्या राहून वाढ मागत. मामा तिथल्या तिथे कबूल करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि मला कुडाळला फोन लावी : "मजुरी वाढली रे! आता डोक्याक काम इला."

हे काम म्हणजे संशोधन. माणसांचे हात स्वस्त मिळाले की मालकाचा मेंदू गंजतो, असं त्याचं मत होतं. पहिल्या वाढीला त्याने वाऱ्याच्या झोताने काजूगराची साल उडवणारं यंत्र केलं. साल जागेवर राहिली, गर तेवढे उडाले. खारी पुढचे कित्येक दिवस कौलांवरून हलल्या नाहीत. दुसऱ्या वाढीला प्रतवारीचं यंत्र. ते अख्खे गर घेई आणि तुकडे देई. तुकड्याला भाव नसे, म्हणून ते भाच्यांकडे येत. माझ्या पोटाबद्दल कोणी काही बोललं की मी सांगतो, हे मामाच्या संशोधनाचं फलित आहे.

तिसऱ्या वाढीनंतर बी फोडायला एकटी रोझी उरली. उकडलेली बी पात्यात धरायची, पायाने दाब द्यायचा आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा, हे काम ती लग्नाआधीपासून मामाकडे करत होती. तीही आता म्हापशाला लेकीकडे, फिलूकडे, राहायला जाणार होती. हंगाम संपेपर्यंत थांबते म्हणाली. ती गेली की कारखान्याला कुलूप, हे सगळ्यांना दिसत होतं. मामाने देवगडकडची कलमांची बाग विकली, कोल्हापूरहून एक इंजिनिअर आणला आणि रोझीला तारा जोडलेले हातमोजे घातले. तिचे हात जसे हलतील तसेच लोखंडी हात हलवायचे, असा बेत.

"हात घेवा, आबानू," रोझी म्हणाली. "नायतरी संधिवातान ते माजे खंय रवले?"

हंगाम संपता संपता यंत्र चालू झालं. लोखंडी डावा हात बी धरी, उजवा फोडी, गर अलगद टोपलीत. फक्त मधूनच उजवा हात काम सोडून वर जाई, हवेत कपाळाइतक्या उंचीवर थांबे आणि मागे सरकून खाली येई. रोझीला कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायची सवय होती, ती यंत्राने उचलली होती. इंजिनिअरने ही चूक म्हणून काढून टाकली. त्याबरोबर गर फुटू लागले.

"घाल रे ती परत," मामा म्हणाला. "केस मागे सारताना ती दम घेता."

इंजिनिअरने घातली आणि गर पुन्हा अख्खे येऊ लागले. मी त्या वेळी हसलो होतो.

पावसाळ्यात रोझी म्हापशाला गेली. तिथे नीट रुळायच्या आतच ती वारली. तिच्या महिन्याच्या मिसेचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं, आमंत्रण द्यायला फिलू आली तेव्हा मी कारखान्यातच होतो. यंत्र चालू होतं. ती दारातून बघत राहिली. लोखंडी हात वर गेला, नसलेले केस मागे सारून खाली आला. फिलू रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "आबानू, मम्मीचो पगार खंय जाता?"

मामाने हजेरीवही उघडून रोझीचं नाव पुन्हा घातलं.

पुढच्या शनिवारपासून रोझीचा पगार म्हापशाला जाऊ लागला. तारकर्लीला मजुरी वाढली की रोझीचीही वाढे. मी विमा विकणारा माणूस. मेल्यावर एकदाच पैसे मिळतात एवढीच माझी समज. न राहवून म्हटलं, "मामा, मजुरी वाचवायला बाग विकलीस, आणि मेलेल्या माणसाला पगारवाढ देतोस?"

"मेलेला कोण? काल एका दिसात तिना तुज्या वरसभराचा काम केल्यान."

यंत्रात बिया ओतायला माणूस लागेच. पण गावातली एकही बाई कुठल्याही मजुरीवर आत यायला तयार होईना. मग मामाच ओती. हंगामाच्या सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं घालायचं, ते मात्र चुकलं नाही. पूर्वी बायकांची रांग 'व्हय म्हाराजा' म्हणायची, त्यात रोझीचा आवाज सगळ्यात मोठा. आता रांगेत मी एकटा. मामाने नारळ धरून म्हटलं, "कोणाच्या बोटाक इजा होव नये, तां बघ म्हाराजा." मी तोंड उघडायच्या आत यंत्राचा हात वर गेला.

मामा गेल्या चैत्रात गेला. कारखाना कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. पगार बंद करायचा तर यंत्र बंद करायला हवं, हे मला कळत होतं. मी भंगारवाला बोलावला. माल चालू स्थितीत आहे हे दाखवायला मूठभर बिया ओतून उगीच बटण दाबलं. भंगारवाला टक लावून बघत होता. हात कपाळाशी गेला तसा तो चार पावलं मागे सरला आणि चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"साहेब, ह्यां माका जमाचा नाय. बाईमाणसाक मी वजनार कसो घालू?"

तो गेल्यावर मी बटण बंद केलं. नेमका तेव्हाच हात कपाळाशी पोचला होता. तो तसाच हवेत राहिला. एखाद्या बाईला केस सारताना मध्येच थांबवून आपण दार ओढून घ्यावं, हे काही माझ्याने होईना. मी बटण पुन्हा चालू केलं. हात खाली आला आणि त्याने पुढची बी उचलली. आता ही बी अर्धवट कशी सोडायची, म्हणून थांबलो. ती फुटेपर्यंत हात पुन्हा वर गेला.

शनिवारी मी म्हापशाला पैसे पाठवले. बंद करायला बरी वेळ कुठली, ते मी अजून बघतोच आहे. तोवर बिया ओततो.