डाव्या गालाचं ऊन

सुशील लांजेवारनं आजवर जितक्या साड्या अंगावर घेतल्या, तितक्या त्याच्या आईनं आणि सगळ्या मावश्यांनी मिळूनही नेसल्या नसतील. नागपूरच्या इतवारीत मनोहररावांच्या साडीच्या दुकानात तो सेल्समन. बारावी झाल्याबरोबर मौद्याकडच्या गावाहून आला तो इथेच रुळला. आधी घड्या घालायला शिकला, मग गाठोडी सोडायला, मग गिऱ्हाइकाच्या नजरेवरून भाव ओळखायला. शेवटी खरी विद्या हातात आली. ती म्हणजे शर्ट-पँटवरच साडी कमरेला खोचायची, चिमटीत निऱ्या धरायच्या, पदर डाव्या खांद्यावर टाकायचा आणि आरशासमोर अर्धा वळून म्हणायचं, "पाहा ताई, तुमच्यावर तर याच्याहून उठून दिसते."

बाया हसायच्या. बाई हसली की साडी खपलीच म्हणायची.

एकच गोष्ट त्याला डाचायची. पदराच्या वर त्याचं तोंड असायचं आणि तोंडावर खड्डे होते. दहावी-बारावीत गालभर पुटकुळ्या उठल्या, त्या त्यानं नखानं फोडल्या. गावच्या मेडिकलवाल्यानं गोरं करणारी म्हणून एक ट्यूब दिली, ती पुढं कित्येक वर्षं पोळीला तूप लावावं तशी तो लावत राहिला. पुटकुळ्या गेल्या, खड्डे राहिले. एकदा एका लहान पोरीनं आईला मोठ्यानं विचारलं, "आई, या काकाले काय झालं वं?" आईनं तिला चिमटा काढला. सुशीलनं साडी उलगडणं चालू ठेवलं. पण त्या दिवसापासून तो आरशात पदर पाहायचा, वर नाही.

लग्नाचंही तसंच. दोन-तीन ठिकाणी चहा-पोहे झाले, निरोप आला नाही. आई सुभद्रा म्हणायची, "पत्रिका जमत नसन बाप्पा." पत्रिका अजून कोणी मागितलीच नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग कुहीची श्वेता आली. ब्लाउज शिवायची, स्वतःचं लहानसं दुकान होतं. पाहायला गेला तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, नजर चोरली नाही, आणि विचारलं, "साडीवाले ना तुम्ही? मंग फॉलचा कपडा कुठून घेता?" अर्धा तास फॉलवरच गेला. होकार आला. दिवाळीनंतर साक्षगंध झालं, लग्न मे महिन्यातलं ठरलं.

आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पोरीनं खड्ड्यांसकट पसंत केलं होतं. पण साक्षगंधाचे फोटो आले आणि सुशीलनं ते मोबाइलवर बोटांनी मोठे करून पाहिले. श्वेताचा चेहरा कसा, तर धुतलेल्या ताटासारखा. शेजारी हा. लग्नाच्या अल्बमात असं नको, असं त्यानं मनात घेतलं. श्वेताला सांगायचं नाही, एकदम नवा चेहरा घेऊनच मांडवात उभं राहायचं.

धंतोलीत हिमानी मॅडम म्हणून कातडीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी गाल ओढून, दाबून, दिव्याखाली पाहिला.

"लग्न कधी आहे?"

"मे महिन्यात."

"मग लग्न होऊ द्या. पुढच्या हिवाळ्यात या. नागपूरचा उन्हाळा तोंडावर असताना चेहऱ्याची साल काढणं मला पटत नाही."

पण सुशील सेल्समन. गिऱ्हाइकाला हलवायचं कसं हे त्याला कळायचं. त्यानं इतका लकडा लावला, की मॅडम म्हणाल्या, बरं, अगदी सौम्य पील करू. म्हणजे हलकं ॲसिड लावून वरची कातडी उतरवायची, खालून नवी येते. "पण ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "यानं डाग फिकट होतील. खड्डे खोल आहेत, ते जाणार नाहीत. त्याला लेझर लागेल, तेही थोडं थोडं करत. आणि आपल्या सावळ्या कातडीचा स्वभाव असा, की जरा दुखावली की काळी पडते. नवी कातडी उन्हात नेली तर डाग होता त्याहून वाईट होतो."

मग त्यांनी प्रश्न विचारले. मुरुमांच्या गोळ्या घेता का? ताप आला की ओठावर फोड उठतात का? जखम भरल्यावर तिथं मांस वाढून गाठ येते का? काही क्रीम लावता का?

"नाही," सुशील म्हणाला.

"काहीच नाही?"

"म्हणजे… एक ट्यूब हाय. गावची."

मॅडमनी ट्यूबचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. वर्षानुवर्षं लावून कातडी कागदासारखी झाली होती. ती आधी सोडवावी लागली. सोडली तर तोंड लाल झालं, आग आग झाली. ते निवेपर्यंत थंडी सरली. मॅडम पुन्हा म्हणाल्या, आता राहू द्या. हा पुन्हा हटून बसला.

"काम उन्हातलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. सावलीतलं. गादीवर बसून."

ते खोटं नव्हतं. निदान सुशीलला तसंच वाटत होतं.

पील झालं. तोंडाची जरा आग झाली, मग कातडी ताणली आणि उकडलेल्या बटाट्यासारखी सालं सुटायला लागली. ओढायची नाहीत म्हणून बजावलं होतं, त्यानं ओढली नाहीत. सकाळी घरून निघताना उन्हाची क्रीम लावायचा, तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवर बसायचा. मॅडमनी क्रीम दिवसातून पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं होतं. पण आत बसल्या बसल्या कशाला, असं म्हणून ट्यूब घरीच राहायची.

दुकानात त्याच्याच वयाचा जितेंद्र होता, त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "काहून गा नवरदेव, तोंडाची टरफलं काहून गळून राहिली? नवरी कांदा समजन ना बे तुले!"

"गप बस ना बे. लग्नात पाहजो."

उजवा गाल छान निघाला. डावा मात्र आठवडाभरात काळा पडायला लागला. आधी गालाच्या हाडावर, मग खाली कानापर्यंत, तव्याच्या बुडासारखा. सुशील घाबरून धंतोलीत पळाला.

मॅडमनी दोन्ही गाल पाहिले. दोन्हीला औषध एकच, हात एकच. "गाडी चालवताना डावीकडून ऊन येतं?"

"दुपट्टा असते मॅडम."

"दुकानात खिडकीजवळ बसता?"

"खिडकीच नाही."

त्यांना काही उलगडेना. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर नेमकं काय करता, ते करून दाखवा."

सुशीलनं टेबलावरचा टॉवेल उचलला, डाव्या खांद्यावर टाकला, सवयीनं हसला, चार पावलं चालून दारापाशी गेला आणि डावी बाजू बाहेरच्या उजेडाकडं वळवून उभा राहिला.

"हे काय?"

"पदर दाखवून राहिलो. ट्यूबलाइटमधी रंग फसवते ना मॅडम. म्हणून बाया म्हणतात, उन्हात दाखवा. मंग दुकानाबाहेर येऊन उभं राहावं लागते."

"दिवसातून किती वेळा?"

"लग्नाचा सीझन हाय. कोण मोजते?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. "तुम्ही मला म्हणालात काम सावलीतलं आहे."

"सावलीतलंच हाय ना! उन्हात तर साडी जाते."

त्यांना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मीही नीट खोदून विचारायला हवं होतं. मग सरळ सांगितलं. हा डाग आजाराचा नाही, जाईल, पण महिने लागतील. लग्नापर्यंत जाणार नाही. आता उन्हात अजिबात जायचं नाही, दुसरं काहीही लावायचं नाही, घाई करून आणखी एक पील तर मुळीच नाही.

सुशील पायऱ्या उतरला तेव्हा त्याला एकच दिसत होतं. आधी निदान खड्डेच होते, तेही पोरीच्या घरच्यांनी पाहून घेतलेले. आता हा काळा गाल नवा होता आणि त्याची कुहीत कोणालाच खबर नव्हती. सोयरिकीत कातडीवरचा नवा डाग म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. लोक बिमारी म्हणतील. अन् एकदा म्हटलं की झालं.

श्वेताचा व्हिडिओ कॉल आला की तो "नेटवर्क नाही वं" म्हणून बंद करायचा. ती म्हणायची, "इतवारीत नेटवर्क नाही अन् कुहीत हाय?" तो म्हणायचा, सीझन हाय. उन्हात साडी न्यायचं काम त्यानं जितेंद्रकडं दिलं. का, ते सांगितलं नाही. पाठ धरली म्हणाला.

एप्रिलात कुहीवाले बस्त्याला आले. लग्नाचा कपडा जावयाच्याच दुकानातून घ्यायचा, यात नवल नव्हतं. श्वेता होती, तिची मावशी इंदुताई होती, आणखी दोन बाया होत्या. सुशीलनं गादीवर अशी जागा धरली, की डावा गाल कपाटाकडं राहील. पाणी आलं, चहा आला. मनोहरराव स्वतः उठून "या विहीणबाई" म्हणाले. शालूंचा ढीग पडला. एक शालू श्वेतानं बाजूला काढला. इंदुताई म्हणाल्या, "हा मरून हाय का डाळिंबी? या लाइटीत काही समजत नाही. जावईबापू, जरा उन्हात दाखवा."

"जितेंद्र, जाय गा."

"जितेंद्र काहून? नवरीचा शालू नवरदेवानं दाखवावा. घ्या खांद्यावर!" इंदुताईंना मजा वाटत होती. बाकीच्या बायाही हसल्या.

"माही पाठ…"

"पाठीवर कोण ठेवाले सांगते? खांद्यावर घ्या."

श्वेता त्याच्याकडं पाहत होती. शालू तिच्या मांडीवर होता. तिनं तो पुढं केला नाही, आणि मागंही घेतला नाही. सुशील उठला, शालू न घेताच, आणि दिव्याखाली येऊन डावा गाल त्यांच्याकडं केला.

"मी उन्हात जाऊ शकत नाही मावशी. हे असं झालं."

इंदुताईंनी चष्मा वर केला. "अगं माय! हे साक्षगंधात नव्हतं! भाजलं का? का काही… बिमारी?"

"बिमारी नाही. तोंडाचे खड्डे घालवाले डॉक्टरकडून साल काढून घेतली. अन् उन्हात उभा राहिलो."

"नवरदेवानं तोंडाची साल काढली?" इंदुताई श्वेताकडं वळल्या. "ऐकलं का वं? चाल, घरी चाल. तुह्या बाबाले सांगावं लागन. कपडा नंतर पाहू."

मनोहरराव मध्ये पडायला गेले, त्यांना कोणी जुमानलं नाही. श्वेता मात्र बसून राहिली. "कोणता डॉक्टर?" तिनं विचारलं.

"धंतोलीतल्या मॅडम."

"चला."

दुपारी ऑटोत श्वेता आणि इंदुताई मागं, सुशील दुपट्टा बांधून ड्रायव्हरजवळ. बाकीच्या दोघी दुकानातच थांबल्या. मॅडमनी आधी सुशीलला विचारलं, "यांच्यासमोर बोलू?" त्यानं मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजार नाही, दुसऱ्याला लागत नाही, अंगभर पसरत नाही. इंदुताईंनी तेच तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, त्यांनी तीनदा उत्तर दिलं.

"लग्नापर्यंत जाईल?" श्वेतानं विचारलं.

"नाही."

"अन् हळद?"

"गालाला नको. बेसन, उटणं, काहीच चोळायचं नाही. हाताला, पायाला लावा."

बाहेर आल्यावर इंदुताई रसवंतीवर गेल्या. दोघं झाडाखाली उभे राहिले. श्वेता म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं?"

"तू नको म्हटलं असतं."

"हाव, म्हटलं असतं. मे महिन्याच्या लग्नासाठी तोंड सोलून घेऊन राहिले म्हटल्यावर कोण हो म्हणन? पण त्याचा राग नाही मले. नेटवर्क नाही म्हणे! मी तिकडं विचार करून राहिली, की याचं मन बदललं काय."

सुशीलला हे सुचलंच नव्हतं. महिनाभर तो स्वतःच्या गालाकडं पाहत होता. पलीकडं फोन धरून बसलेली श्वेता त्याला दिसलीच नव्हती. तो म्हणाला, "चुकलं."

"माह्या बाबाले तुम्ही फोन करा. मावशीनं सांगितलं तर चेहरा गळून पडला म्हणून सांगन ते."

त्यानं तिथंच फोन लावला. बोलताना दोनदा अडखळला, पण ट्यूबपासून उन्हापर्यंत सगळं सांगितलं. मग सासरे म्हणाले, "पोरीले माहीत हाय ना? मंग ठीक हाय." श्वेतानं शालू दुसऱ्या दिवशी एकटीनं येऊन घेतला.

हळदीला सुभद्रा वाटीजवळ पहारा देत बसली. "तोंडाले नाही वं, पायाले लावा!" बाया म्हणाल्या, असली कोरडी हळद पाहिली नाही. लावली मात्र पायालाच. फोटोत डावा गाल काळा आला तो आला.

दसऱ्यापर्यंत डाग बराच फिकटला, खड्डे होते तसेच. थंडी पडली तशी दोघं पुन्हा धंतोलीत गेली. मॅडम म्हणाल्या, आता लेझर करता येईल. आधी कानामागं थोडंसं करून पाहू, कातडी कशी वागते ते. काही खड्डे भरतील, काही राहतील. काही दिवस घरी बसावं लागेल.

घरी येऊन सुशीलनं विचारलं, "तुले काय वाटते?"

श्वेता मशीनवर होती. "मले ते रोजचेच झाले. तुमाले नको असतील तर करा. पण मेहनत तुमची अन् आगही तुमचीच. मी फक्त क्रीम लावली का म्हणून फोन करीन."

दुसऱ्या दिवशी त्यानं मनोहररावांकडं सुट्टी मागितली.

"सीझनात? कशाले?"

"तोंडाचे खड्डे हायत ना शेटजी, त्याच्यावर लेझर करून घ्यायची हाय," सुशील म्हणाला. गादीवर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनीही ऐकलं.

मनोहररावांनी त्याच्या गालाकडं पाहिलं, मग जितेंद्रला हाक मारली. "निऱ्या घालता येतात का बे तुले?"