अरीबचा गठ्ठा

अरीब मुंबईला गेला आणि त्याच्या गल्लीत त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात झाली. खरं तर ते तिथल्या एका सरकारी कार्यालयात सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. गळ्यातल्या कार्डावर 'प्रशिक्षणार्थी' असं ठळक लिहिलेलं होतं. पण त्याने पाठवलेला फोटो लातूरभर फिरला तेव्हा लोकांनी कार्डावरची राजमुद्रा पाहिली. खालचा शब्द कुणी वाचला नाही.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो, म्हणून त्याच्या घरचं मला बरंच माहीत आहे. त्याचे वडील जिलानीचाचा किल्लारीच्या पलीकडच्या एका गावात शिंपीकाम करायचे. गणपती बोळवून गाव झोपलं होतं त्या पहाटे भूकंपात त्यांचं घर मातीच्या माळवदासकट खाली आलं. चाचांची आई गेली, सात वर्षांची थोरली मुलगी गेली. दोन वर्षांची मनतशा शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडखाली अडकली होती. सकाळी नऊला तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या तोंडात माती होती आणि ती जिवंत होती. मोठा भाऊ कलीम तेव्हा अकरा वर्षांचा. अरीब नंतर लातुरात जन्मला.

चाचांचं दुकान आता लातुरात, गंजगोलाईच्या मागं आहे. क्लासला आलेल्या पोरांच्या पँटी लांबीला कमी करणं हे त्यांचं मुख्य काम. जून लागला की बाहेरगावची हजारो पोरं शहरात उतरतात आणि सगळ्यांच्या पँटी लांब असतात, असं ते म्हणायचे.

त्या घराला भूकंपग्रस्त असल्याचा दाखला मिळाला होता. सरकारी नोकरीत अशा घरांसाठी थोड्या जागा राखीव असतात, पण दाखला घरातल्या एकालाच चालतो. ज्याचं नाव एकदा घातलं त्याचंच. चाचांनी कलीमचं नाव घातलं. कलीम तेव्हा बारावीला होता आणि लातूरच्या क्लासांचं नाव नुकतंच गाजायला लागलं होतं. घरातला पहिला मुलगा, हाच काहीतरी होणार, यात कुणाला शंका नव्हती. त्याने दोनदा बारावी दिली. क्लासच्या भिंतीवर फोटो लागला तो दुसऱ्यांचा. पुढे तो सासुरवाडीला नांदेडला गेला आणि स्टेशन ते गुरुद्वारा अशी ऑटो चालवायला लागला. दाखला पत्र्याच्या पेटीत पडून राहिला.

मनतशा मात्र अभ्यास सोडायला तयार नव्हती. कलीमच्या जुन्या नोट्सवर ती बी.एस्सी. झाली. सकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या, दुपारी अभ्यासिका, असं सात-आठ वर्षं चाललं. दर परीक्षेत तीन-चार मार्कांनी हुकायचं. शेवटी एका ईदला कलीमच म्हणाला, "अब्बा, मी चाळिशीला टेकलो. माझ्या नावावर तो कागद सडायलाय. मनतशाला द्या."

नाव बदलण्याचा अर्ज झाला. कलीमने संमतीपत्रावर सही केली, मूळ दाखला अर्जासोबत जोडला. जिल्ह्याच्या कचेरीने सांगितलं की नाव बदलायची तरतूद नियमात नाही, वरून मार्गदर्शन मागवतो. आणि फाईल मुंबईला गेली. चार महिन्यांनी अरीब त्याच कार्यालयात रुजू झाला. हा निव्वळ योगायोग, पण गल्लीत कुणाला तो पटला नाही.

त्याला जिथे बसवलं तिथल्या कक्ष अधिकारी सौदामिनी मॅडम मूळच्या माहूरच्या. टेबलाच्या काचेखाली रेणुकेचा फोटो.

"कुठला रे तू?"

"लातूर, मॅडम."

"मग इथं काय करून राहिलास? तिकडं तर सगळे डॉक्टर होतात म्हणे."

"उरलेल्यांना इकडं पाठवतात."

मॅडम हसल्या आणि त्यांनी त्याला एक कपाट उघडून दिलं. आत भूकंपग्रस्तांच्या नावबदलाच्या फाईली होत्या. लाल फितीत बांधलेल्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या. त्यातली सगळ्यात वरची, सगळ्यात कोरी फाईल मनतशाची होती. त्याने ती उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ दाखला होता आणि संमतीपत्रावर कलीमची वाकडी सही. त्याने रात्री मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो खूष होता.

ऑगस्टात तलाठ्याच्या परीक्षेचा निकाल लागला. भूकंपग्रस्तांच्या जागेवर मनतशाचं नाव यादीत आलं; फॉर्म भरताना तेव्हा नुसतं 'हो' टाकून चालत होतं. कागदपत्रांची पडताळणी एकवीस ऑक्टोबरला. त्या दिवशी तिच्या नावाचा दाखला टेबलावर ठेवायचा, नाही तर जागा खालच्या माणसाला. हातात दोन महिने होते.

अरीबने या दोन महिन्यांत जे केलं ते मी केलं असतं, आमच्या वर्गातल्या कुणीही केलं असतं. त्याने सगळ्या फाईली उतरवून काढल्या, धूळ झटकली आणि एक्सेलचा तक्ता केला. नाव, गाव, अर्जाची तारीख, आधीचं नाव, नवीन नाव, कारण. एकूण दोनशे बारा अर्ज भरले. तारखेनुसार लावले तर मनतशा शेवटची, दोनशे बारावी. आणि तक्ता पूर्ण झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की या सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. नाव बदलता येतं का? मग उत्तर दोनशे बारा वेळा कशाला द्यायचं? एक टिपणी, एक सही, सगळे सुटतील.

मॅडमनी तक्ता बराच वेळ पाहिला.

"छान केलास. आता हा तुझ्याजवळच ठेव."

"का, मॅडम?"

"एकट्या बाईचा कागद वर गेला ना, तर साहेब म्हणतात, बिचारी, जाऊ द्या. खास बाब म्हणून सही होते. महिन्याला चार-पाच अशा सुटतात. दोनशे एकदम गेले की त्यात बिचारं कुणी राहत नाही. मग तो सरकारपुढचा प्रश्न होतो."

"पण मॅडम, निलंग्याचा तो वीरभद्र, चौथ्या नंबरचा. त्याचा अर्ज नऊ वर्षांपासून पडून आहे. त्याच्या मुलीचं वय निघून चाललंय."

"मला माहीत नाही का?" मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीची फाईल आज मी वर नेते. टिपणी मीच लिहिते. दहा दिवसांत पत्र निघेल. तुझा तक्ता नंतर पाठव."

अरीब हो म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला.

या ठिकाणी जिलानीचाचांची एक गोष्ट सांगायला हवी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडचं वाटप झालं तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनी आधी शेड नेल्या. चाचांना कुणीतरी म्हणालं, तुम्ही अमक्याला भेटा, तो तुमचा नंबर पुढं घेईल. चाचा भेटले नाहीत. बायकोला, म्हणजे रजियाचाचींना, आणि दोन पोरांना घेऊन अकरा दिवस झाडाखाली राहिले. "आपण रांग सोडली नाही," हे ते आजही सांगतात, आणि सांगताना ताठ बसतात. अरीब हे ऐकतच मोठा झाला होता. दोनशे अकरा लोकांच्या डोक्यावरून बहिणीची फाईल उचलायची, हे त्याला जमेना. शिवाय तशी गरजही दिसत नव्हती. त्याच्याकडे सगळ्यांना सोडवणारा उपाय होता.

त्याने मनतशाला फोन केला. "आपा, सगळ्यांचं एकदम होतंय."

"सगळ्यांचं होऊ दे बाबा. माझं कधी होतंय ते सांग."

"त्यातच तुझं पण आहे."

"तू तिथं बसलायस म्हणून मी बिनघोर आहे बघ," ती म्हणाली.

टिपणी वर गेली. दोनशे बारा फाईलींचा गठ्ठा त्याने स्वतः ढकलगाडीवर घालून नेला. उपसचिवांनी त्याला आत बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. पंचवीस वर्षांत कुणी हे एकत्र मांडलं नव्हतं, अशी मुलं शासनाला हवीत, असं म्हणाले. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कसा असेल ते मला न बघताही कळतं. कॉलेजात एखादा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला की तो तसा दिसायचा.

तीन दिवसांनी गठ्ठा खाली आला. टिपणीच्या शेवटी हिरव्या शाईत लिहिलं होतं: 'प्रकरणांची एकूण संख्या विचारात घेता ही धोरणात्मक बाब आहे. संबंधित सर्व विभागांचे अभिप्राय घेऊन फेरसादर करावे. तोपर्यंत कोणतेही प्रकरण स्वतंत्रपणे सादर करू नये.'

अरीबला वाटलं, काम पुढं सरकलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेवटची ओळ बोटाने दाखवली.

"आता मला एकटीची फाईलही नेता येणार नाही."

पुढचे पाच आठवडे तो मजल्यामजल्यांवर फिरला. एका विभागाने विचारलं, यापूर्वी किती जणांना खास बाब म्हणून मंजुरी दिली, आणि कोणत्या आधारावर? म्हणजे सुटलेले लोकही अडकायची वेळ आली. दुसऱ्याने सर्व जिल्ह्यांची माहिती मागवली. तिसऱ्या विभागात गठ्ठा नीट पोचला आणि तिथल्या कपाटात गेला. ते कपाट पहिल्यापेक्षा मोठं होतं. तिथला शिपाई त्याला ओळखायला लागला होता. "आले लातूरचे इंजिनिअर," असं म्हणून तो स्टूल पुढं करायचा.

वीस ऑक्टोबरला अरीबने घरी खरं सांगितलं. फोन मनतशाने घेतला होता.

"पंधरा दिवसांची मुदत माग," तो म्हणाला. "अर्जाचा मजकूर मी पाठवतो."

"पंधरा दिवसांत होईल?"

तो अर्जाचा मजकूर टाइप करायला लागला होता.

"अरीब, होईल का?"

"माग तर खरं."

तिने मागितली, मिळाली. पंधरा दिवस गेले. पडताळणीच्या टेबलावरचा माणूस चांगला होता म्हणे. त्याने दोनदा विचारलं, दुसरा कुठला कागद आहे का, जिल्ह्याचं पत्र, काहीही. तिने कलीमच्या दाखल्याची झेरॉक्स दाखवली. "ताई, यावर तुमचं नाव नाही," तो म्हणाला. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

नोव्हेंबरात कार्यालयाने ठरवलं की सगळ्या अर्जदारांना कळवावं. काम अरीबकडे आलं, कारण तक्ता त्याच्याकडे होता. त्याने पत्राचा नमुना केला, तक्ता जोडला आणि दहा मिनिटांत दोनशे बारा पत्रं छापून निघाली. 'आपले प्रकरण शासनाच्या विचाराधीन आहे.' शेवटचं पत्र त्याने स्वतः घडी घालून पाकिटात घातलं.

आठवड्याने मनतशाचा फोन आला.

"तुझ्या ऑफिसातून पत्र आलंय."

"हं."

"नावात चूक नाही एकही. नाही तर माझं नाव दरवेळी चुकवतात." मग ती म्हणाली, "अब्बांनी दुकानात लावायला मागितलंय. त्यांना वाटलं, काम झालं."

"तू सांगितलं नाहीस?"

"तूच सांग."

डिसेंबरात त्याचं प्रशिक्षण संपलं. प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट' असा शेरा होता. जाताना तो मॅडमना म्हणाला, "निदान मूळ दाखला तरी परत मिळायला हवा. भाईच्या नावावर का होईना, घरात राहील." मॅडम म्हणाल्या, "अर्ज कर." अशा अर्जाला काय उत्तर जातं ते दोघांना पाठ होतं. त्याचा नमुनाही अरीबनेच करून ठेवला होता. प्रकरण अंतिम होईपर्यंत मूळ कागदपत्रं परत करता येत नाहीत.

"तू चुकीचं काही केलं नाहीस रे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणूनच कुठं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही," तो म्हणाला.

आता तो लातुरातच असतो. चाचांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्याने कॉम्प्युटर टाकलाय, क्लासच्या पोरांचे फॉर्म भरून देतो. मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं होतं, एका वर्षाचं. तो गेला नाही. गल्लीत आता कुणी त्याला साहेब म्हणत नाही. घरात कुणी त्याला दोष दिला नाही. कलीमने एकदाच, नांदेडहून आला असताना, विचारलं होतं, "आणि तिकडं आपला कागद नीट ठेवलाय ना?" अरीब म्हणाला, "हाव, प्लॅस्टिकमध्ये आहे."

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. मनतशा आली. आता ती एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला असते, वेळ काढून आली होती. तिच्या वयात बसणारी बहुधा ही भरतीची शेवटचीच जाहिरात. अरीब स्क्रीनवर एकेक रकाना भरत होता, ती शेजारी उभी राहून सांगत होती. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग रकाना आला: 'आपण भूकंपग्रस्त आहात काय?' पुढे दोन गोल, हो आणि नाही.

अरीबचा हात माऊसवर थांबला.

"हो टाकलं तर आता स्वतःच्या नावाच्या दाखल्याचा नंबर मागतं," तो म्हणाला.

"मग नाही टाक."

शिलाई मशीनचा आवाज बंद झाला होता. जिलानीचाचा एका पोराची पँट हातात धरून आमच्याकडे पाहत होते. ते मशीन जुनंच आहे. वरचं यंत्र दोनदा बदललं, खालचा लोखंडी स्टँड गावाहून आणलेला.

"टाक ना," मनतशा म्हणाली. "मला मुली जेवायच्या आत परत जायचंय."

अरीबने नाही टाकलं. फॉर्म पुढच्या पानावर गेला.