चांदणीवालं पाणी

आता काय सांगू तुम्हाला, पाहुण्याला साधं पाणी विचारायचं, आणि त्यातही मी माती खाल्ली!

आमचा निनाद गुरुग्रामला नोकरीला. तिथे त्याला एलिफ भेटली, तुर्कस्तानची. दोघांचं ठरलेलंच होतं. पण तिचे वडील गाझियाबादला आमचं घर बघायला येणार आणि मगच हो-नाही सांगणार! मुलाकडचे असून परीक्षा आमचीच!

म्हटलं, निदान पाणी तरी त्यांच्या भाषेत विचारावं. इंटरनेटवर लगेच सापडलं, 'सु'. पण मला मेली खोदायची हौस! खोदता खोदता मूळ तुर्की भाषेतला शब्द निघाला, 'सुब', शेजारी एक चांदणी (*). आणि वंश केवढा! तुर्कांकडे 'सु', उझबेकांकडे 'सुव', पार सायबेरियातल्या याकूत लोकांकडे नुसतं 'ऊ'! मी थक्क झालो. हा शब्द पहिल्यांदा कोण म्हणालं असेल हो? कुठल्या नदीकाठी?

चांदणीचं म्हणाल, तर ती मला दहावीच्या गाइडपासून ठाऊक. चांदणी म्हणजे अतिमहत्त्वाचं, हमखास येणार! मी सगळ्या विभक्त्या घोकल्या.

एलिफ पाहुण्यांना घेऊन आली. धिप्पाड, गंभीर. बूट काढायला वाकले तोच मी दारात गाठलं.

"सुब?"

ते तसेच वाकलेले, बघतायत. वाटलं, विभक्ती चुकली.

"सुबुग? सुबका? सुबदा?"

एक बूट हातात घेऊन ते लेकीकडे बघायला लागले. इतक्यात ही स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन आली.

"अहो, सरका! आत तरी येऊ द्या त्यांना."

ते पाणी घटाघटा प्यायले. मी निनादला मोबाइल दाखवला. त्याने कपाळाला हात लावला.

"यार बाबा! चांदणी म्हणजे त्या मूळ भाषेत हा शब्द लिहिलेला कुणी पाहिलेलाच नाही. नंतरच्या भाषांवरून विद्वानांनी बांधलेला अंदाज आहे. खाली लिहिलंय, वाचायचं ना!"

आम्ही जेवायला बसलो. पाहुण्यांनी श्रीखंड दोनदा घेतलं, मग लेकीशी बराच वेळ काहीतरी बोलले. ती हसू दाबत होती. माझ्यापायी पोराचं लग्न मोडतंय की काय?

"अंकल, पापा की तरफ़ से हाँ है," एलिफ म्हणाली. "बस, कह रहे हैं, मराठी आंटी से सीखना. अंकल की मराठी उन्हें बहुत मुश्किल लगी."