पाठीचं दुसरं ऑपरेशन

“पुन्हा कापू या, सोमवारी,” आमचे सर्जनसाहेब म्हणाले आणि हात धुवायला गेले. खाटेवरचा शिवराम पांढराफटक पडला.

परळच्या एका हॉस्पिटलात मी असिस्टंट होतो. प्लेग यायच्या आधीची गोष्ट. शिवराम लालबागच्या गिरणीत विणकर. पाठीवर लिंबाएवढी चरबीची गाठ आणि कंबर मरणाची दुखायची. साहेबांनी क्लोरोफॉर्म हुंगवून, म्हणजे बेशुद्ध करून, गाठ काढली. जखम सुरेख भरली. गडी कामावर गेला आणि आठवड्यात कण्हत परत आला. साहेबांच्या मते गाठीचं मूळ आत राहिलं होतं.

“डाक्टरानू, वाचवा!” शिवरामने माझे पाय धरले.

“अरे, ऊठ. आत्ता दुखतंय का?”

“नाय! हयसर पडान मस्त. मागार उभो रवलंय की सुरू!”

अरे देवा! पडून बरं आणि मागावर उभं राहिलं की दुखणं! कुठे दुखतं ते आम्ही दहादा विचारलं होतं. केव्हा दुखतं ते एकदाही नाही.

शनिवारी त्याला घेऊन गिरणीत गेलो. जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, ओरडला, “डॉक्टर, आता कुणाला कापायला आलात?”

“तुम्हालाच! पण आधी याला माग चालवू द्या.”

माग विलायतेचा, तिकडच्या उंच गड्यांच्या मापाचा. आमच्या शिवरामची मूर्ती लहान. तुटलेला धागा जोडायला शिवराम टाचा उचलून, कंबर ताणून ओणवा व्हायचा. दिवसभर हेच. शेजारचा बुटका विणकर मात्र बॉबिनच्या, सुताच्या रिळांच्या, पालथ्या खोक्यावर मजेत उभा होता.

“तू का नाही उभा राहत खोक्यावर?”

शिवरामने कानाला हात लावला. “सुताच्या खोक्यार पाय? लक्ष्मी ती!”

जॉबरने कपाळावर हात मारला. सुतारखात्यातून जाड फळी आणवली. “ही नाही ना रे लक्ष्मी? मग चढ!”

शिवराम चढला. एक धागा जोडला, दुसरा जोडला आणि हसायलाच लागला. “डाक्टरानू, वाकूकच लागत नाय!” मला इतका आनंद झाला की मी जॉबरलाच मिठी मारली.

साहेबांकडून कशीबशी पंधरा दिवसांची मुदत मिळवली. पंधराव्या दिवशी शिवराम ताठ चालत आला आणि साहेबांना वाकून नमस्कार केला. कण्हला नाही.

“कोणतं औषध दिलंस?” साहेबांनी मला विचारलं.

“फळी, सर. चार बोटं जाड.”

साहेब खो खो हसले. सुरी पेटीत गेली.

गाठ डोळ्यांना दिसत होती, म्हणून आम्ही ती काढली. ती बिचारी कधी दुखतच नव्हती.