सुलीने घडवलेली पाठ

विजूचा फोन आला तेव्हा त्याने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. सुलीचा हा धाकटा भाऊ एरवी फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, आणि माझे गुडघे तर त्याच्या खिजगणतीतही नसतात. त्यामुळे तो पुढे काय सांगणार हे मला तेव्हाच कळलं. "ताई गेली, मंदाताई. सकाळीच," तो म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. सुली, म्हणजे सुलभा गावडे, हे नाव वाचकांच्या ओळखीचं असण्याचं काही कारण नाही. तिची प्रदर्शनं झाली नाहीत, तिच्यावर कोणी लिहिलं नाही. भांडुपच्या एका शाळेत तिने जन्मभर चित्रकला शिकवली आणि शाळेच्या गच्चीवर पोरांकडून मातीकाम करून घेतलं, बस्स. पण ऐंशीच्या दशकात, आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, तिने एक शिल्प केलं होतं. ते होताना मी जवळून पाहिलं. ते तिने एका जागी अर्धवट का सोडलं, हे मात्र मला इतकी वर्षं कळलेलं नव्हतं. नसत्या चौकशा करणं हा माझा जुनाच स्वभाव, त्यामुळे ते डोक्यातून जातही नव्हतं.

मी पेंटिंगला होते, ती शिल्पकलेला. त्या काळी शिल्पकलेला मुली नावालाच असत. माती मळा, पोती उचला, लोखंडी सळ्या वाकवा, हे काम बायकांचं नव्हे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सुलीलाही प्रवेशाच्या वेळी एका सरांनी टेक्सटाइल डिझाइन घ्यायचा प्रेमळ सल्ला दिला होता. मी पहिल्यांदा त्यांच्या विभागात डोकावले तेव्हा ही बया सलवार गुडघ्यापर्यंत खोचून हौदातली माती तुडवत होती. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "बघतेस काय? ये ना आत. मस्त थंड लागतं." मी चपला काढून खरंच हौदात उतरले, आणि आमची मैत्री तिथे झाली. प्रत्येक गोष्ट आतून कशी आहे हे बघायची तिला भारी खोड. वडापाव खायच्या आधी वडा फोडून बघायची. शरीरशास्त्राच्या तासाला हाडांचे सांगाडे आम्ही कंटाळून काढायचो, ही मात्र स्वतःचंच कोपर चाचपत बसायची. "मंदे, इथे हात लाव. हे हाड फिरतं बघ कसं," म्हणत भर कँटीनमध्ये माझा दंड पिळायची. पोरं हसायची. तिला त्याचं काही नसे.

विक्रोळीला त्यांची बैठी चाळ होती. वडील गिरणीत, मूळचे मालवणकडचे, अबोल आणि थोडे तापट. मी त्यांना काका म्हणायचे. सुलीच्या लहानपणी त्यांना कायम रात्रपाळी असायची. दिवसा ते एकुलत्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि पोरांना आवाज करायची बंदी असायची. शाळेतून येऊन ही आणि विजू त्यांच्या मागे बसून मुक्याने अभ्यास करायचे. "मला बाबांचा चेहरा नीट आठवून काढता येणार नाही गं," ती एकदा म्हणाली, "पण पाठ डोळे मिटून काढेन." मग संप झाला. गिरणी पुन्हा सुरू झाली तरी काकांना बोलावणं आलं नाही, आणि जो माणूस कधी जागेपणी घरात दिसत नसे तो दिवसभर दारात बसून राहू लागला. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी सुलीने त्यांनाच निवडलं. कमरेपासून वर, खऱ्या मापाचा, उघड्या अंगाचा पुतळा, मान किंचित खाली. खरा विषय म्हणजे पाठ. सर म्हणाले, "अहो, पाठीला काय भाव असतो?" ती म्हणाली, "तेच बघायचंय." घरी मात्र कोणाला गंमत वाटत नव्हती. यंदा पास झालीस तर ठीक, नाहीतर हे मातीचे खेळ पुरे, नोकरी बघ, असं तिच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं. काकी दुष्ट नव्हत्या. घरात मिळवतं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

काकांना तयार करणं हे एक दिव्यच होतं. "पाठ कसली बघतंस गो? माणसाक तोंडावरसून वळाखतत," हे त्यांचं पहिलं म्हणणं. कॉलेजात यायला तर त्यांनी साफ नकार दिला. "चार पोरांफुडे मी उघडो बसूचंय नाय." शेवटी चाळीच्या टोकाला गणपती मंडळाची पत्र्याची शेड होती, ती सुलीने मागून घेतली आणि सरांकडून घरी काम करायची परवानगी काढली. मखराच्या फळ्या एका अंगाला सारून तिने तिथे सळ्यांचा सांगाडा उभा केला, त्याच्यावर माती चढवली. काका स्टुलावर पाठ करून बसायचे. लेकीपुढे सदरा काढतानाही आधी दार लागलंय का ते बघायचे. मी सुट्टीच्या दिवशी मुलुंडहून जायचे, माती ओली राहावी म्हणून फडकी भिजवून द्यायचे आणि तोंडाने फुकटचे सल्ले द्यायचे. हळूहळू मातीतून एक पाठ वर येऊ लागली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. वर्षानुवर्षं यंत्रावर एकाच बाजूने वाकल्याने कण्याला पडलेला बाक. मला तोवर पाठ म्हणजे शर्टाची मागची बाजू एवढंच माहीत होतं. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा एखाद्या माणसाकडे मागून इतकं टक लावून पाहिलं असेन.

आता थोडं तंत्राचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच झाला. मातीचं काम टिकत नाही. म्हणून त्याच्यावर प्लास्टरचा साचा करतात, आतली माती काढून टाकतात, पोकळीत पुन्हा प्लास्टर ओततात आणि मग वरचा साचा छिन्नीने फोडून काढतात. साचाही पांढरा, आतलं शिल्पही पांढरं. मग फोडताना साचा कुठे संपला हे कळायचं कसं? त्यासाठी साच्याच्या पहिल्या पातळ थरात कपड्यांना घालायची नीळ मिसळतात. फोडता फोडता निळं दिसलं की हात आवरायचा, खाली शिल्प आहे. सुलीने पुढचा अर्धा साचा अगदी शिस्तीत केला. मागच्या अर्ध्यासाठी घमेल्यात प्लास्टर कालवलं, निळीच्या पुडीसाठी फळीकडे हात नेला, तर पुडी गायब. "आई, निळीची पुडी बघितलीस?" ती शेडच्या दारातून ओरडली. नळावरून काकींचा शांत आवाज आला, "ती व्हय? ह्यांच्या शर्टाक घातलंय. उद्या त्यांका बोलावल्यानी हा ना." हायवेजवळच्या एका कारखान्यात वॉचमन हवे होते आणि काकांना भेटायला बोलावलं होतं. दोरीवर त्यांचा पांढरा शर्ट नीळ देऊन वाळत पडला होता, झकास दिसत होता. "वाट लागली!" मी म्हटलं. "मी शेजारून आणते." पण कालवलेलं प्लास्टर कोणासाठी थांबत नाही, घमेल्यात ते जड व्हायला लागलंच होतं. पोत्यात दुसरं नव्हतं, आणि माती उन्हाने तडकायला आली होती. सुलीने एकदा शर्टाकडे बघितलं, एकदा घमेल्याकडे. मग पांढरंच प्लास्टर मातीच्या पाठीवर मारायला सुरुवात केली. जिच्यासाठी सगळा खटाटोप, त्या पाठीचाच साचा निळीशिवायचा झाला.

पुढची बाजू मजेत निघाली. चेहरा, छाती, हात, सगळीकडे निळं दिसलं की ती थांबायची. पाठीची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता ही रडेल. चुकीचा एक घाव आणि पदवी गेली. ती रडली नाही. थोडा वेळ समोर नुसती बसली, आणि तिच्या डोळ्यांत ते वडा फोडतानाचं कुतूहल आलं. "बाबा, जरा बसा इथे. सदरा काढून," ती म्हणाली. काका पुतळ्याला लागून बसले. तिने डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि उजव्या हातात हातोडी घेतली. काका असे दचकले, जणू विस्तव ठेवला. त्या घरात वडिलांच्या अंगाला हात लावायची रीतच नव्हती. "गो बाय, हातोडी खंयच्या हातात आसा तां आधी बघ!" ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. मग मात्र शेडमध्ये फक्त टकटक ऐकू येत राहिली. एका हाताने ती चाचपायची, इथे खांद्याचं हाड, इथे खळगा, इथे मणक्याची रांग, आणि मग छिन्नी लावून तेवढाच साचा उडवायची. पुढचे काही दिवस हेच चाललं. पहिल्या दिवशी ताठ बसलेले काका नंतर नंतर डोळे मिटून बसू लागले. एकदा तर चक्क पेंगले. मी मागे बसून त्यांना रेखाटायचा प्रयत्न करत होते, पण मला ते जमत नव्हतं. माझी नजर सारखी तिच्या डाव्या हाताकडे जायची.

खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे तळहाताएवढा तुकडा फोडायचा राहिला आणि काकांना कामावर बोलावणं आलं. लगेच दुसऱ्या दिवसापासून. घरात आनंदीआनंद. काकींनी साखर वाटली, सुलीही नाचली. पण परीक्षा तोंडावर आली होती, काकांना नव्या नोकरीत रजा मागायची भीती वाटत होती, आणि हातावरच्या आठवणीने तो तुकडा फोडायला सुली तयार नव्हती. काम तसंच टेम्पोत घालून कॉलेजात गेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पुढून पाहिलं, मान डोलावली. मग सुलीने फिरता पाट वळवून पाठ त्यांच्यापुढे केली. ते बराच वेळ बघत राहिले. मधल्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय राहिलंय?" "साचा राहिलाय, सर." "मग काढून टाका." "मॉडेल ड्युटीवर आहे, सर." मागे पोरं फिसकन हसली. परीक्षक हसले नाहीत. ते पुन्हा वाकून बघू लागले... सुली पास झाली. पहिला वर्ग हुकला. तो तुकडा काढला असतास तर मिळाला असता, असं सरांनी नंतर तिला सांगितलं.

कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला काका तोच पांढरा शर्ट घालून आले होते. पुढून त्यांनी स्वतःकडे फारसं बघितलंच नाही, आरशात बघतोच की रोज. मागे गेले आणि थबकले. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, हे माझ्याही तेव्हाच डोक्यात आलं. "मी मागसून असो दिसतंय?" त्यांनी विचारलं. सुलीने मान हलवली. त्यांनी त्या खाली गेलेल्या खांद्यावरून बोट फिरवलं. मलाच उगाच रडू आलं, म्हणून मी चहा बघायला गेले.

आता माझा प्रश्न. काकांना पुढे रीतसर सुट्ट्या मिळू लागल्या. ते खूप वर्षं जगले. तो पुतळा सुलीच्या कांजूरमार्गच्या खोलीत पलंगाशेजारी उभा होता, काका येऊनजाऊन तिथेच असायचे. "बसू काय गो?" असं ते स्वतःहून विचारायचे, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एका दुपारचं काम होतं. "आता नको, बाबा," ती म्हणायची. मी तिला किती वेळा छेडलं. "आळशी आहेस तू," इथपासून "घाबरतेस," इथपर्यंत सगळं म्हणून झालं. ती हसून चहा टाकायला उठायची. काका गेल्यावर मी विचारायचं सोडून दिलं.

परवा मी विजूबरोबर कांजूरमार्गला गेले होते. सुलीची खोली रिकामी करायची आहे, मला हवं ते घेऊन जा म्हणाला. पुतळा तिथेच होता, तो पांढरा उंचवटाही तसाच. मी न राहवून विजूला विचारलं, "हे तिने पुरं का नाही रे केलं?" तो म्हणाला, "काय माहीत. पण बाबा होते तोवर दिवाळीला त्यांच्या पाठीला तेल तीच लावायची. आई नाही, मी नाही. बाबा म्हणायचे पुरे, तर म्हणायची, गप बसा, माझं काम राहिलंय." मी पलंगावर बसले. म्हणजे त्या पाठीवर हात ठेवायला निमित्त उरावं म्हणून होतं तर हे! मला हसूही येत होतं आणि तिचा रागही येत होता, इतकी वर्षं मला ताकास तूर लागू दिली नाही म्हणून. विजू शर्टाच्या बटणाशी चाळा करत उभा होता. काकांचं तेव्हाचं वय त्याने कधीच ओलांडलंय, बांधा मात्र अगदी त्यांचाच. "अजून एक सांगू?" तो म्हणाला. "हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात ताईने मला इथे स्टुलावर बसवलं. शर्ट काढ म्हणाली. एक हात माझ्या पाठीवर, एक पुतळ्याच्या. छिन्नीबिन्नी काही नाही. डोळे मिटून कितीतरी वेळ चाचपत होती."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, नाही रे विजू, ही तुझी आहे. घाल शर्ट, थंडी वाजेल."