परतीचा आकडा

१२ डिसेंबर १९२७ रोजी सायंकाळी पाच वाजता धुळ्यातल्या आमच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या समितीने तांब्याची तार आणि बॅटरी यांसाठी नऊ रुपये चार आणे मंजूर केले. हजर चौघे: अध्यक्ष वकीलसाहेब, धान्याचे व्यापारी शेठजी, हायस्कुलात शास्त्र शिकवणारे मास्तर आणि कोठी सांभाळणारा मी. रक्कम हाती पडताच मास्तरांनी ती रुपयांपासून आण्यांकडे मोजली आणि मग आण्यांपासून रुपयांकडे. शेठजी म्हणाले, "मास्तर, मोजता मोजता नाणी बदलत नाहीत." मास्तर म्हणाले, "नाणी नाही बदलत. मोजणारा बदलतो."

ते सगळेच असे दोनदा करीत. भाजी तोलून झाली की पारडी बदलून पुन्हा तोलायला लावत. मुले त्यांना 'परतीचे मास्तर' म्हणत. "जाताना सगळेच शहाणे असतात. मला परतीचा आकडा सांगा," हे त्यांचे वाक्य मी शंभर वेळा ऐकले असेल. शंभर हा अंदाज आहे. मोजले नाही, याचा आता खेद वाटतो.

प्रकरण भाकरीचे होते. दोन आठवडे मुलांच्या दाताखाली कचकच येत होती. पीठ पुरवण्याचे काम कादरभाई चक्कीवाल्यांकडे होते. त्या दिवशी सभेत शेठजींनी पिठात चुंबक फिरवला, त्याला काळे कण चिकटले, आणि शेठजींनी तो निरांजनासारखा सर्वांपुढून फिरवला. म्हणाले, चक्कीच्या दगडाला टाकी लावताना छिन्नीचा कीस पिठात पडतो, नाहीतर वजन वाढवायला हा पांझरा नदीची काळी रेती मिसळतो. काहीही असो, काम काढून घ्या. शेठजींच्या मेहुण्याने त्याच महिन्यात नवी चक्की घातली होती, ही गोष्ट इतिवृत्तात आली नाही. इतिवृत्त मीच लिहीत होतो.

कादरभाई दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, बठ्ठं गाव मन्हाकडे दळस. मग तुमनीच भाकरमा रेती कशी?" प्रश्न चांगला होता, म्हणून शेठजींनी चुंबक पुन्हा एकदा फिरवला. वकीलसाहेब म्हणाले, "निकाल तर झालाच आहे. पण शास्त्राचा आधार असलेला बरा." त्या आधारासाठी ते नऊ रुपये चार आणे.

मास्तरांनी काळे कण काचेच्या नळीत भरले, नळीभोवती तारेचे वेटोळे केले आणि शेजारी होकायंत्र ठेवले. तारेतून वीज वाढवत न्यायची आणि सुई किती अंश सरकते ते टिपायचे. मग वीज उतरवत शून्यावर आणायची, उलटी वाहवायची आणि पुन्हा फिरवून आणायची. हेच छिन्नीच्या किसावर आणि पांझरेतून आणलेल्या रेतीवरही केले. आकडे मी लिहीत होतो. सुई आली त्या वाटेने परत जात नव्हती. वीज बंद केली तरी थोडी कललेलीच राही. "हेच बघायचं," मास्तर म्हणाले. "ओढलं तर सगळेच ओढले जातात. ओढणारा गेल्यावर किती उरतं आणि ते पुसायला किती उलटा जोर लागतो, त्यावरून कण कोणता ते कळतं."

मध्येच सुई वेड्यासारखी फिरली. शेठजी पाहायला आले होते आणि त्यांच्या कमरेला तिजोरीच्या किल्ल्या होत्या. "शेठजी, किल्ल्या बाहेर ठेवा." शेठजी किल्ल्या सोडीनात, म्हणून तेच बाहेर बसले. शास्त्राचा निकाल त्यांनी खिडकीतून ऐकला.

निकाल असा: टाकीच्या छिन्नीचा पोलादी कीस शून्यावर आणायला फार मोठा उलटा जोर लागला, हे कण तसे नव्हते. जात पांझरेच्या काळ्या रेतीची. पण नदीतून आणलेल्या रेतीपेक्षा यांना जवळजवळ दीडपट जोर लागला. मास्तर म्हणाले, "रेती तीच, कण बारीक. बारीक कण जास्त हट्टी. ही कुणीतरी फडक्यातून गाळली आहे. वजन वाढवणारा रेती गाळत बसत नाही."

मी लेखणी खाली ठेवली. शाई सुकवायला मी टीपकागद वापरत नसे. वाळूदाणीतली पांझरेची काळी रेती भुरभुरवीत असे. त्यात वर्षाला दहा आणे वाचत. दर रविवारी ती मी धोतराच्या फडक्यातून गाळी. पिंपाचे झाकण मोडल्यापासूनचे दोन आठवडे, पोती आली की पिठाच्या त्या उघड्या पिंपाच्या काठावर वही ठेवून वजन लिही, रेती टाकी आणि वही तिथेच झाडी.

तीन दिवस मी गप्प राहिलो. हा आकडा मोजलेला आहे.

दुसऱ्या सभेत वकीलसाहेबांनी विचारले, "म्हणजे चक्कीवाला दोषी?" मास्तर म्हणाले, "रेती गाळलेली आहे. कुणी गाळली हे सुई सांगत नाही." ते वाक्य मी लिहिले, सवयीने रेती भुरभुरवली आणि हात तिथेच थांबला. दारात कादरभाई होते.

"मी गाळली," मी म्हणालो.

"तुम्ही?" शेठजी म्हणाले. "अहो, तुम्ही तर चोख माणूस!"

"चोख आहेत म्हणूनच गाळली," मास्तर म्हणाले.

वकीलसाहेबांनी ठराव सुचवला की कारण सापडले, पुढे काळजी घ्यावी. मास्तर सही करीनात. "आरोप याच ओसरीवर, या माणसासमोर, मोठ्याने केला. तसाच परत घ्या." शेठजी पुटपुटले. मास्तर म्हणाले, "जाताना आवाज याच्या तिप्पट होता." शेठजींना पुन्हा म्हणावे लागले.

तरी काही उरलेच. तीन घरांनी कादरभाईंकडचे दळण बंद केले होते. ती कधीच परतली नाहीत. पुढे मास्तरांची बदली जळगावला झाली. ते मोटारीत बसत असताना मी त्यांना त्या तीन घरांबद्दल विचारले. "शून्यावर आणायला उलटा जोर लावावा लागतो," ते म्हणाले. "आपण नुसती वीज बंद केली." त्यानंतर भेट झाली नाही. तेव्हापासून मी माझे दळण रोज चार ओळखीच्या लोकांदेखत कादरभाईंकडे नेतो. घराला रोज दळण लागत नाही.

वाया गेलेल्या पिठाचे पैसे समितीने अडवले होते; ते चौदा रुपये दहा आणे मी पदरचे कादरभाईंना दिले. त्यांनी मोजले, चौदा रुपये ठेवले आणि दहा आणे माझ्या हातावर परत ठेवले. म्हणाले, "भाऊ, टीपकागद ली या."