शुक्रवारची शामकला

दवनीवाड्याच्या टिनाच्या प्रार्थनाघरात तिला सगळे पाठीमागे ‘शुक्रवारची शामकला’ म्हणत. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती सकाळपासून उपाशी राहायची, मागच्या सतरंजीवर येऊन बसायची आणि प्रभूच्या क्रुसावरच्या मरणाची उपासना संपेपर्यंत हलायची नाही. दोन दिवसांनी प्रभू कबरीतून उठल्याचा ईस्टरचा सण आला, की तिच्या घराचं दार आतून बंद.

नवरा यादोराव चपला घालता घालता म्हणायचा, “आज तरी चाल.”

“मरण मले समजते,” ती म्हणायची. “उठणं नाही समजत. मग कायले खोटं गाऊ?”

आधी ती अशी नव्हती. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी, दणदणीत आवाजाची बाई. यादोरावच्या वडिलांपासून घर ख्रिस्ती. ईस्टरच्या पहाटे सगळे विश्वासी मेणबत्त्या घेऊन गावाबाहेर जमायचे, तेव्हा पहिलं गाणं तिचंच असायचं आणि ढोलकीवर तिचा एकुलता एक मुलगा वीरेंद्र.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत वीरेंद्रला गोंदियाला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही. शामकला तेव्हा स्वतःच तापानं अंथरुणावर होती. यादोरावला लांब उभं करून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह तिकडच्याच कब्रस्तानात पुरला. आईच्या हातची शेवटची आंघोळ नाही, केसांना तेल नाही. “लेकरू तसंच गेलं,” एवढंच ती बोलायची. ती कबर पाहायलाही ती कधी गेली नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी ईस्टरच्या सकाळी, नुकतंच उजाडलं होतं, यादोराव प्रार्थनेला निघून गेला होता, तेव्हा दार वाजलं. समोरच्या पोवारांच्या घरच्या मुन्नीबाई उभ्या होत्या.

“शामकला, सासूबाई गेल्या वं.”

सावित्रीबाई नव्वदीच्या पुढच्या. रोज ओट्यावर बसून त्या शामकलाला ओरडून विचारायच्या, “आज पोराईले काय रांधलं?” दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या होत्या.

“सून माहेरी हाये,” मुन्नीबाई सांगत होत्या. “माहा पोरगा हेमेंद्र तिरोड्याहून ड्युटी सोडून येऊन राहिला. मोहल्ल्यातल्या बाया मोहफुलं वेचाले जंगलात गेल्या. आंघोळ घालाले मी आन् रुख्मा दोघीच. आमच्यानं उचलत नाही. येतेस का?”

शामकला उंबऱ्यातच थांबली. “भाभी, मी किरिस्ताव. तुमचे लोकं काय म्हणतीन?”

“लोकं आले का उचलाले? चाल.”

मुन्नीबाईंची जाऊ रुख्मा शामकलाला पाहून दोन पावलं मागे झाली. मग रुख्मानं कोमट पाण्याची बादली पायानंच तिच्याकडे सरकवली.

शामकलानं म्हातारीला खांद्याशी आधार देऊन बसतं केलं. पाठ धुतली, हातांच्या सुरकुत्यांतून हळद फिरवली. पांढऱ्या केसांचा गुंता सोडवताना मात्र तिची बोटं अडली आणि इतक्या वर्षांचं रडू एकदम फुटलं.

“माह्या वीरेंद्रले मी...”

मुन्नीबाईंनी तेलाची वाटी तिच्या हातात दिली. “लाव,” त्या म्हणाल्या. “यातच त्याचंही समज.”

तिनं तेल लावलं. सावकाश, भांग पाडून, आई लावते तसं.

घरी येऊन ती न्हाली आणि ओल्या केसांनीच प्रार्थनाघराकडे निघाली. का निघाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत पाळकांची बायको रीता वचन वाचत होती. प्रभूच्या देहाला सुगंधी तेल लावायला बाया पहाटे कबरेकडे निघाल्या, वाटेत एकमेकींना विचारू लागल्या, कबरेच्या तोंडावरचा धोंडा कोण लोटून देईल?

हे शामकलानं किती वेळा ऐकलं होतं. पण त्या बाया त्या दिवशी सण करायला निघाल्या नव्हत्या, हे तिच्या आज ध्यानात आलं. त्यांनाही मेलेल्याची सेवाच करायची होती, राहून गेलेली. धोंडा हलेल की नाही हे ठाऊक नसताना त्या निघाल्या होत्या, आणि प्रभू उठल्याची बातमी पहिल्यांदा त्यांनाच मिळाली.

वाचन संपलं तशी ती उभी राहिली. माणसं मागे वळून पाहू लागली.

“मीही आत्ता मेलेल्याची सेवा करूनच येऊन राहिली,” ती म्हणाली. “माह्या पोराले मी धुवू शकली नाही. पण ज्या प्रभूच्या हाती तो गेला, तो प्रभू कबरीत नाही. मग माहा वीरेंद्रही नुसता मातीत नाही.”

पाळक हलकेच म्हणाले, “ख्रिस्त उठला आहे.”

“खरोखर उठला आहे,” शामकला म्हणाली. आवाज फाटला, पण शब्द शेवटपर्यंत गेले. यादोराव पुढच्या सतरंजीवर तोंडाला गमछा लावून बसला होता.

त्याच दुपारी तिनं त्याला मोटरसायकल काढायला लावली. गोंदियाच्या कब्रस्तानात वीरेंद्रची जागा गवतानं झाकून गेली होती. दोघांनी मिळून गवत उपटलं. नंतर बराच वेळ ती तिथं मातीवर हात ठेवून बसून राहिली.

दुःख संपलं असं ती म्हणत नाही. वीरेंद्रच्या वाढदिवसाला अजूनही तिच्याच्यानं चूल पेटवली जात नाही. पण आता गावात कुणाच्याही घरी बाई गेली, की शामकलाला बोलावणं येतं. रुख्माची आई वारली तेव्हा रुख्मा स्वतः तिला न्यायला आली होती.

आणि ईस्टरच्या पहाटे आता घाई तिचीच असते. यादोराव चपला शोधत असतो, तोवर ही मेणबत्त्यांची पिशवी घेऊन रस्त्याला लागलेली असते.